तुझ्या नावावरचा एक सेकंद

मुकुंद, तुझ्या तेराव्याच्या दिवशी मी गायत्रीशी खोटं बोलले.

पंगती उठल्या होत्या. सुनंदा आत बायकांमध्ये बसली होती. गायत्रीने मला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं, तुझ्या क्लासच्या खोलीत. फळ्यावर कोणीतरी नांदेडच्या पाहुण्यांच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. तिने दार लोटलं आणि म्हणाली, “आत्या, एक विचारू? सच्ची बोलना. बाबाने ऑफिसच्या प्रोग्राममध्ये ते थांबायचं स्लीप खरंच टाकलं होतं का?”

मी काही बोलायच्या आत तीच बोलत सुटली. “मी त्याला लई बोलले गं. फोनवर. मी माझ्या प्रोग्रामच्या टेस्टमध्ये स्लीप टाकलं, तर तो म्हणला, हे नक्को करू बेटा, हे झूठ है. मी म्हणलं, तू भी तो डाला था ना बाबा, उसीच के वास्ते तो तेरेको बाजू किए. तो नुस्ता हसला. त्याच्यानंतर चार महिन्यांत तो गेलाच की.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अगं, तेव्हा ऑफिसात फार ओढाताण होती. कोणाच्याही हातून झालं असतं.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरी हे मी आयुष्यात बोललेलं दुसरं मोठं खोटं. पहिलं तुझ्याशी बोलले होते. गायत्रीने डोळे पुसले, मान हलवली आणि पाहुण्यांना चहा द्यायला निघून गेली.

हैदराबादच्या मराठी मंडळाला अंकासाठी तुझ्यावर लेख हवा आहे. तुझा जन्म, तुझं शिक्षण, गणपतीतली तुझी भाषणं, हे सगळं त्यांना पाहिजे, सोबत एक फोटो. ते दुसरं कोणीतरी लिहील. मी त्या एका सेकंदाबद्दल लिहिणार आहे, कारण तुझ्या-माझ्यात शेवटपर्यंत तेवढंच राहून गेलं.

आपण काय काम करायचो ते मंडळातल्या कोणालाच कधी कळलं नाही. सुनंदालासुद्धा नाही. एकदा तिने विचारलं तेव्हा तू तिला ओट्यापाशी उभं राहून समजावलं होतंस. मोठा प्रोग्राम म्हणजे शेकडो फाइली. त्यातली एक बदलली म्हणून सगळं पहिल्यापासून रांधायचं नसतं. जी बदलली तिच्यापुरतं नवं करायचं आणि बाकी कालचंच वापरायचं. काय बदललं आणि काय नाही, हे ठरवून सगळं जोडून देणारा प्रोग्राम म्हणजे बिल्ड टूल, आणि ते आमची कंपनी बनवते. “म्हणजे कालचं वरण चालेल का नवं लावायचं, ते सांगणारी सासू,” सुनंदा म्हणाली. तू म्हणालास, “हौ. आणि सासू चुकली तर पकडायचं, ते आमचं काम.” सुनंदा म्हणाली, असल्या कामाचा पगार मिळतो हे तिला आधी कोणी सांगायला हवं होतं.

सासूला पकडणाऱ्या त्या टेस्ट लिहायला मला तू शिकवलंस. मी अंबरपेठच्या मराठी शाळेत शिकलेली. कॉलेज कसंबसं इंग्रजीत काढलेलं, आणि मीटिंगमध्ये तोंड उघडायची धास्ती. पहिल्या दिवशी मी एक टेस्ट लिहिली, ती चालवली, पडद्यावर हिरवी पट्टी आली, आणि मी मोठ्या कौतुकाने तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, “आता टूल बिघडव.” मला वाटलं चेष्टा करतोस. तू टूलमधली एक ओळ मुद्दाम मोडलीस आणि माझी टेस्ट पुन्हा चालवलीस. ती हिरवीच राहिली. “बघ. हिला काहीच कळत नाही. ही नुस्ती हौ हौ करायलीय.” मग तू मला तुझा नियम सांगितलास: टेस्ट आधी लाल झालेली बघायची. जी एकदाही लाल झालेली पाहिली नाही, तिच्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्या टीममध्ये ती रीतच पडून गेली. कोणाची टेस्ट पहिल्या फटक्यात हिरवी झाली, की इरफान पलीकडून ओरडायचा, “मुबारक हो, अब तोड़ के दिखाओ.”

हे वेड तू घरीही नेलं होतंस. गायत्री पाढे म्हणताना तू मध्येच चुकीचा आकडा सांगायचास आणि ती पकडते का ते बघायचास. सतरा साते एकशे सतरा, असं अगदी गंभीरपणे. पकडलं नाही, तर पाढा पहिल्यापासून. ती रडकुंडीला यायची आणि सुनंदा तुला बोल लावायची. पण पकडलं की तू इतका खूश व्हायचास, जणू पोरीने पदक आणलं.

हे मी पाहिलं ते बंदच्या दिवसांत. राज्याची वाटणी व्हायची होती, आज रस्ते बंद तर उद्या दुकानं बंद, आणि ऑफिसची गाडी मला अंबरपेठपर्यंत न पोचवता नारायणगुड्यालाच सोडून द्यायची. तू मला घरी घेऊन जायचास. आत शिरतानाच “सुनंदा, आणखी एक ताट” असं ओरडायचास. गायत्रीने मला आधी आंटी म्हटलं, तर तू तिला दटावलंस. “आंटी ऑफिसात. घरी आत्या.” मला भाऊ नाही हे तुला माहीत होतं. त्यानंतर ती मला आत्याच म्हणत आली, आणि मी दर भाऊबीजेला तुझ्याकडे जेवत आले. जे झालं त्यानंतरसुद्धा.

टीव्हीवर नव्या राज्याचे नकाशे दाखवत होते आणि तू हसायचास. “आमचं तर आधीच एकदा वाटून झालंय,” म्हणायचास. तुझ्या आजोबांच्या वेळी जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, निम्मं घर नांदेड-परभणीकडे महाराष्ट्रात गेलं आणि तुम्ही इथे सरकारी नोकरीत राहिलात. “वाटणी झाली की एक काम हमखास होतं. पाट्या बदलतात. आणि कुठंतरी एक जुनी पाटी राहून जाते.” तेव्हा मला तो नेहमीचा विनोद वाटला होता.

बाहेर राज्याची वाटणी चालू असताना ऑफिसातही फेररचना आली. दोन टेस्टिंग टीमची एक होणार होती, लीडही एकच राहणार होता. एका टीमची लीड मी होते, दुसऱ्या टीमचा एक हुशार मुलगा होता. मला ती जागा हवी होती. हे मी सरळ लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. मराठी शाळेतली मुलगी तिथपर्यंत पोचली होती आणि तिला आता मागे जायचं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच ते दुपारचं भूत सुरू झालं.

तुझी एक टेस्ट होती. साधी. एक फाइल लिहायची, टूल चालवायचं, फाइल बदलायची, पुन्हा टूल चालवायचं आणि बदल आला का ते बघायचं. ही टेस्ट महिनोन् महिने हिरवी असायची आणि मग अचानक एखाद्या दिवशी लाल. पुन्हा चालवली की हिरवी. आणि लाल व्हायची ती जेवणाच्या सुट्टीत. “मॅडम, ये दोपैर का भूत है, खाना खाने को आता,” इरफान म्हणायचा. सगळे हसायचे. तू आठवडाभर जेवायला उठला नाहीस. डबा मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसून राहिलास आणि भूत पकडलंस.

सगळ्यांनी मिळून वापरायचं ते मशीन जेवणाच्या वेळी मोकळं असायचं, म्हणून भराभर चालायचं. इतकं भराभर, की फाइल लिहिणं, टूलचं काम आणि पुन्हा फाइल बदलणं, सगळं एकाच सेकंदात उरकायचं. आणि आपलं टूल घड्याळ बघायचं ते सेकंदापुरतंच. फाइल आधी लिहिल्याची आणि नंतर बदलल्याची, दोन्ही वेळांचा सेकंद एकच दिसला, की टूल म्हणायचं, काही बदललं नाही, जुनंच वापरा. “टेस्ट खोटं बोलत नाही रेखा,” तू म्हणालास. “टूलच चुकायलंय. इतके दिवस चुकायलंय. आपलं मशीन मंद होतं म्हणून कळलं नाही.”

तुझं म्हणणं होतं की टूल दुरुस्त करायचं. त्याला दोन आठवडे लागले असते. नवी आवृत्ती त्याच आठवड्यात द्यायची होती.

आवृत्ती द्यायच्या दिवशी दुपारी तुझ्या आईच्या डोळ्याची पट्टी काढायची होती. निघताना तू म्हणालास, “माझं मशीन उघडंच ठेवतो. टेस्ट चालू राहू दे. लाल झाली तर मला फोन कर, दाबून टाकू नको.” तू हसत म्हणालास आणि मीही हसले. जेवणाच्या सुट्टीत ती लाल झाली. मूर्ती गारू, आपले मॅनेजर, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “रेखा गारू, सायंत्रानिकल्ला ग्रीन कावाली,” एवढंच तेलुगूत म्हणाले. संध्याकाळच्या आत हिरवं पाहिजे. मग जाता जाता सहज म्हणाले की फेररचनेची यादी सोमवारी वर जाणार आहे.

मी तुला फोन केला नाही. तुझ्या खुर्चीत बसले, तुझी टेस्ट उघडली आणि मध्ये एक ओळ घातली: एक सेकंद थांब. प्रोग्रामला असं थांबवायच्या ओळीला आमच्यात स्लीप म्हणतात. फाइल लिही, टूल चालव, एक सेकंद थांब, मग फाइल बदल. आता दोन्ही वेळा एका सेकंदात येणं शक्यच नव्हतं. टेस्ट हिरवी झाली. वीस वेळा चालवली, वीसही वेळा हिरवी. बदल नोंदवताना नाव आपोआप पडतं, ज्याचं मशीन त्याचं. पडद्यावर तुझं नाव आलं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. सकाळी सांगून टाकू, असं मनाशी म्हटलं आणि बटण दाबलं.

सकाळी तू माझ्याआधी आला होतास. माझ्या टेबलापाशी आलास, आणि तुझ्या आवाजात राग नव्हता, फक्त कोडं पडलं होतं. “रेखा, हे मी केलं का?”

तेव्हा बोलायला हवं होतं. पाच शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, “तूच केलं असशील. आईच्या गडबडीत विसरला असशील.”

तू मग म्हणालास, “हौ. असेल,” आणि आपल्या जागेवर गेलास.

हे माझं पहिलं खोटं. तुझ्या कामात ढवळाढवळ केली ती एक गोष्ट. पण तुला तुझ्याच आठवणीवर शंका घ्यायला लावली, ते मला आजही गिळवत नाही.

तुला ती ओळ काढायची होती, पण आवृत्ती निघून गेली होती आणि फेररचना होईपर्यंत कशालाही हात लावायची बंदी होती. मग आपण गाडीत भांडायला लागलो. रोज, नारायणगुडा येईपर्यंत. मी म्हणायचे, “एका सेकंदात दोनदा फाइल कोण बदलतं? शंभरात एकदा होत नाही.” तू म्हणायचास, “माणूस नाही बदलत. स्क्रिप्ट बदलते.” मी म्हणायचे, तू तत्त्वासाठी सगळ्यांना अडवतोस. तू म्हणायचास, आपण दोघांनी मिळून एका टेस्टला गप्प बसायला शिकवलं. आपण दोघांनी. हा शब्द तू मुद्दाम वापरायचास का रे? मला तेव्हा विचारायचं धाडस नव्हतं. शेवटी तू मूर्ती गारूंना रीतसर लिहून दिलंस की टूलमध्ये दोष आहे, टेस्टमधली थांबायची ओळ तो झाकते आहे, आणि हे कोणालातरी भोवणार आहे. त्यांनी पत्र ठेवून घेतलं.

भोवलं ते एका कुरिअरवाल्याला. राज्य वाटलं गेलं तशी त्यांनी आपली कचेरीही वाटली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पार्सलावर चिकटवायच्या चिठ्ठीचा प्रोग्राम एकच, फक्त वरचा परतीचा पत्ता वेगळा. त्यांची स्क्रिप्ट इकडचा पत्ता लिहायची, आपलं टूल चालवायची, लगेच तिकडचा पत्ता लिहायची, पुन्हा टूल चालवायची. आणि त्यांचं मशीन नवंकोरं, भलतंच वेगवान. दुसऱ्या वेळी टूलने म्हटलं, काही बदललं नाही. तिकडच्या सगळ्या पार्सलांवर इकडचा पत्ता. परत आलेली पार्सलं भलत्याच राज्यात जाऊन पडली, लोकांची औषधं अडकली, कागदपत्रं अडकली. तू म्हणाला होतास तशी जुनी पाटी राहून गेली होती.

मग ती मीटिंग. मूर्ती गारूंनी मोठ्या पडद्यावर ती ओळ दाखवली, शेजारी नाव. खोलीत बाराएक माणसं असतील. “मुकुंद गारू, ही ओळ तुम्ही टाकली आणि मग तिच्याविरुद्ध पत्रही तुम्हीच लिहिलं?” कोणीतरी हसलं. तुझं ते पत्र, सबंध ऑफिसात एकट्याने लिहिलेलं खरं पत्र, एका क्षणात वेड्याचं ठरलं. मी तुझ्या समोरच्या खुर्चीवर होते. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. तू माझ्याकडे पाहिलं असतंस तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तू पाहिलं नाहीस. तू म्हणालास, “नाव माझंच आहे, सर.”

केलं आहे, असं तू म्हणाला नाहीस. नाव माझं आहे, म्हणालास. खोटं बोलायचं नाही आणि मलाही दाखवून द्यायचं नाही, अशी वाट तू त्या एका वाक्यात काढलीस. त्या खोलीत ते फक्त मला कळलं.

एकत्र झालेल्या टीमची लीड मी झाले. तुला मॅन्युअल लिहिणाऱ्यांत टाकलं. ज्या माणसाने टूलची चूक पकडली, त्याने टूल कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहायच्या. दोन वर्षं लिहिल्यास. चांगल्या लिहिल्यास, तेही तुझंच लक्षण. मग सोडलंस, आणि पुढच्या खोलीत बाकं टाकून क्लास सुरू केलास. तारनाक्याची, अंबरपेठची पोरं यायची. मी भाऊबीजेला यायचे तेव्हा तुझा आवाज दारातच ऐकू यायचा, “आधी तोडून दाखव, मग मला हिरवं दाखव.” मी चपला काढायला उगीच वेळ लावायचे.

घरात तू सांगितलं होतंस की तुझ्या नावावर एक चूक लागली. सुनंदाने कधी खोदून विचारलं नाही. पण मॅन्युअलच्या दिवसांत तू तिन्हीसांजेला गॅलरीत नुसता बसून राहायचास, हे तिनेच मला सांगितलं. “त्यांना आता स्वतःचा भरवसाच वाटत नाही, रेखाताई. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, चार-चारदा बघतात.” मी ऐकून घेतलं. तुला तुझ्याच आठवणीवर शंका घ्यायला कोणी शिकवलं होतं, हे मला ठाऊक होतं.

तेराव्याला ती मला म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून ऑफिसात त्यांचं कोणीतरी आपलं होतं.” मी तिच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं घेतलं आणि उगाच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

तुला माहीत होतं. हे मला कधी कळलं ते सांगता येणार नाही, पण माहीत होतं. टेस्टमध्ये थांबा घालणारा माणूस तू नव्हतास, आणि आईची पट्टी त्या दिवशी कितीला सुटली हे तुझ्या डायरीत असणारच, ओळ कितीला पडली ते नोंदीत होतंच. तू एकदा मला वाटही करून दिलीस. क्लास सुरू झाल्याच्या वर्षी, फराळाचं ताट हातात देताना म्हणालास, “रेखा, ते भूत कधी आठवतं का?” मी म्हणाले, चकली छान झाली आहे.

दुसऱ्यांदा दिलीस ती दवाखान्यात. तीन आठवड्यांत तू इतका वाळला होतास की पलंगावर पांघरूणच दिसायचं. सुनंदा औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे उघडलेस आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणालास, “आता कोणी नाहीये. बोल की.”

मुकुंद, मी तुला विचारलं की डॉक्टर आज आले होते का.

तू जरा वेळ वाट पाहिलीस. मग म्हणालास, “आले होते,” आणि तोंड खिडकीकडे केलंस. माझ्याशी बोललेलं तुझं ते शेवटचं वाक्य. दोन दिवसांनी सुनंदाचा फोन आला.

मला तुझा रागही येतो. आज येतो, जास्तच येतो. त्या मीटिंगमध्ये तू मला वाचवावंस असं मी मागितलं नव्हतं. एकदा मोठ्याने ओरडला असतास, चारचौघांत माझं नाव घेतलं असतंस, तर मी एक जागा गमावली असती आणि एक मित्र नीट राहिला असता. तू वाट बघत बसलास. मी आपणहून बोलेन म्हणून दहा वर्षं वाट बघितलीस. पाढ्यात चुकीचा आकडा टाकून पोरीकडे बघत राहायचास ना, तसा. आणि मी प्रत्येक वेळी चुकीच्या आकड्यावरून पुढे जात राहिले. यात तुझी माया होती की तुझा हट्ट, मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असणार. माझ्या वाट्याला आलेलं चांगलं तेवढं सगळं तुझ्याकडूनच आलं. पगार, पद, मीटिंगमध्ये न घाबरता बोलणं, एक भाऊबीज, एक भाची. आणि मी तुझं नाव घेतलं. घेतलं म्हणजे वापरलं.

तुला एक सांगायचं राहिलं. ते टूल कंपनीने गेल्या वर्षी मोडीत काढलं. त्याच्या टेस्ट गेल्या, कोणी कुठली ओळ कधी टाकली त्याच्या नोंदी गेल्या, मूर्ती गारू निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले. ती ओळ माझी होती हे सांगणारं आता जगात काही नाही. मी गप्प बसले तर ती कायमची तुझी. परवा हे लक्षात आलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. मग गायत्री आठवली, फळ्याखाली उभी, “मी त्याला लई बोलले गं” म्हणणारी. ती पोर जन्मभर समजत राहणार की बापाने चूक केली आणि आपण शेवटी त्याला तीच चूक ऐकवली.

म्हणून मी लिहायला बसले. लिहून झालं तसं मोकळं वाटायला लागलं, आणि त्या मोकळेपणाचाच मला संशय आला. मंडळाचा अंक कोण वाचतं? साठी उलटलेली चाळीस-पन्नास माणसं. ऑफिसातलं एकही नाही. आणि गायत्रीला मराठी धड वाचता येत नाही, जोडाक्षर आलं की ती अडखळते आणि पान उलटते. म्हणजे मी सगळं कबूल करत होते, पण जिला सांगायचं तिच्यापर्यंत पोचणार नाही अशा जागी. टेस्ट लिहिली, पहिल्याच फटक्यात हिरवी झाली, आणि मी कौतुकाने इकडेतिकडे बघायला लागले. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच.

तेव्हा अंकाला हे आत्ता देत नाही. सुनंदाला फोन केला आहे. रविवारी सकाळी अकराला येते, गायत्रीला घरी थांबवून ठेव, म्हटलं. “या की,” ती म्हणाली, “भाजी काय करू?” मी म्हणाले, आधी येऊ दे, मग बघू.

हे कागद घेऊन येईन. पुढच्या खोलीत बसवून दोघींना मोठ्याने वाचून दाखवेन, पहिल्या ओळीपासून. गायत्रीला शब्द अडला तर हिंदीत सांगेन. पण एकही ओळ गाळणार नाही, आणि रडू आलं तरी मध्ये थांबणार नाही. या ओळीपर्यंत आल्यावर ती काय करेल मला माहीत नाही. कदाचित दार दाखवेल. कदाचित पुन्हा कधी आत्या म्हणणार नाही, आणि सुनंदाने लावलेल्या भाताला कोणी हात लावणार नाही.

होऊ दे लाल, मुकुंद. एकदा तरी होऊ दे.